पिल्लू घरभर शू करतंय, काय करू?

मागच्या अंकात पिल्लू घरी आणायच्या आधी काय काय बघावं यावर लिहिलं होतं, त्यावर खूप मेसेज आले. लसींबद्दल थोडे, जातींबद्दल एखाद-दोन आणि उरलेले सगळे शी-शूबद्दल. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. चहा घेत वाचत असाल तर आधी चहा संपवा.

प्रश्न : आम्ही इंदूरच्या विजय नगरला मल्टीत (बिल्डिंगमध्ये) सातव्या मजल्यावर राहतो. दोन महिन्यांचं लॅब्रेडॉर आणलंय. खाली नेतो, अर्धा तास घेऊन उभे राहतो, काही म्हणजे काही करत नाही, आणि वर येऊन दार उघडलं की चपलांच्या स्टँडपाशीच शू. मिस्टर म्हणतात मुद्दाम करतं. खरंच असतं का असं?

उत्तर : ताई, मुद्दाम करायला आधी धरून ठेवता यायला हवं ना, तेच त्याला अजून नीट येत नाही. जन्मल्यावर पहिले तीनेक आठवडे तर पिल्लाला आपली आपण शू-शीसुद्धा होत नाही, आई चाटते तेव्हा होते, तिथून तुमच्याकडे येईपर्यंत मध्ये गेले फक्त पाच-सहा आठवडे. ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, तेवढे तास जास्तीत जास्त, म्हणजे तुमच्याकडे तीन. आणि तेही झोपलेलं असताना. जागं असेल, खेळत असेल तर तासाभरात लागते, कधी अर्ध्या तासातच.

मग खाली का करत नाही? कारण खाली ते घाबरलेलं असतं हो. गाड्यांचे हॉर्न, वॉचमनची शिट्टी, गेटबाहेरची कुत्री भुंकतायत, प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याच कोणाचा तरी वास, अशा ठिकाणी ते जीव मुठीत धरून बसतं आणि वर आल्यावर हायसं वाटलं की सुटते. शिवाय इतक्या लहान पिल्लाला बाहेरची कुत्री फिरतात त्या जमिनीवर ठेवूच नका अजून. पार्व्हो या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि लहान पिल्लांना तो फार वाईट पद्धतीने नेतो. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, असं साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतं, रेबीजची तीन महिन्यांनंतर. डॉक्टर हो म्हणेपर्यंत खाली न्यायचं तर कडेवर घेऊन न्या, रस्ता दाखवा, माणसं दाखवा, पण पाय टेकवू नका.

तोपर्यंत गॅलरी. नर्सरीतून लॉनचा एक तुकडा आणा, एखाद्या मोठ्या उथळ ट्रेमध्ये टाका, झाला त्याचा संडास. लॉनच का, तर पिल्लं साधारण सात ते नऊ आठवड्यांच्या वयात पायाखाली काय लागलं की इथे करायचं हे पक्कं करत असतात. आत्ता गवताची सवय लागली की पुढे कॉलनीच्या बागेत गवतावर आपोआप जाईल. आत्ता पायपुसण्यावर लागली तर पुढची दोन वर्षं पायपुसणी धुवा.

आता वेळा. झोपेतून उठलं की लगेच, डोळे चोळायलाही थांबू नका (तुमचे). खाल्ल्यावर दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात. खेळ झाला की. पाहुणे आले, दंगा झाला की. रात्री झोपायच्या आधी. आणि मधल्या वेळात जागं असेल तर तासाभराने एकदा. ट्रेपाशी न्या, गप्प उभ्या राहा, मोबाइल बघा वाटलं तर पण त्याच्याशी बोलू नका, पाच-सात मिनिटांत झालं नाही तर आत आणा पण घरात मोकळं सोडू नका, मांडीवर घ्या नाहीतर त्याच्या पिंजऱ्यात ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत न्या. लोकांची गाडी इथेच अडते, तिकडे केलं नाही म्हणून आत आणून खाली ठेवतात आणि पुढच्या मिनिटाला चपलांचं स्टँड. ट्रेमध्ये झालं की तिथल्या तिथे खाऊ, दोन-तीन सेकंदांत, आत येऊन डबा शोधून दिलेला खाऊ त्याच्या हिशोबाने आत आल्याबद्दल मिळालेला असतो. आणि अजून एक, पुढे खाली नेऊ लागलात आणि शू झाली की लगेच वर ओढून आणू नका. शू केली की मजा संपते असं त्याच्या डोक्यात बसलं तर मुद्दाम लांबवेल, आणि तेव्हा मात्र मिस्टरांचं म्हणणं खरं होईल.

प्रश्न : आम्ही सुदामा नगरला, जॉइंट फॅमिली, सहा माणसं आणि सहा मतं. बीगल आहे, अडीच महिन्यांचा. सासरे म्हणतात शूमध्ये नाक घासा, आपोआप सुधारेल. मुलगा म्हणतो ओरडायचं नाही. सासूबाईंना तो देवघराकडे गेला की टेन्शन, दिवसातून तीनदा फिनाइलचा पोछा, तरी त्याच कोपऱ्यात करतो. हल्ली सोफ्यामागे जाऊन करतो आणि आम्हाला पाहिलं की कान पाडून तोंड लपवतो. म्हणजे चूक कळते ना त्याला? मग परत का करतो?

उत्तर : नाही कळत. त्याला एवढंच कळतं की तुमचा चेहरा असा झाला की आता काहीतरी वाईट होणार. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये याच 'अपराधी चेहऱ्या'वर एक अभ्यास प्रसिद्ध केला, मना केलेला खाऊ समोर ठेवून मालक बाहेर गेले, आत आल्यावर काहींना सांगितलं तुमच्या कुत्र्याने खाल्ला, काहींना सांगितलं नाही खाल्ला, आणि ते दर वेळी खरं होतंच असं नाही. तो बिचारा चेहरा दिसला तो मालक रागावले तेव्हा, खाऊ खाल्लेला असो की नसो. उलट ज्यांनी खाल्लाच नव्हता आणि तरी बोलणी बसली त्यांचा चेहरा जास्त पडला! तेव्हा सोफ्यामागून कान पाडून येणारा तुमचा बीगल पश्चात्ताप करत नाहीये, तो तुम्हाला शांत व्हा म्हणतोय.

सासऱ्यांना हे सांगणं अवघड आहे मला माहितीये, आमच्याकडे पिल्लू शिकवायला आणणाऱ्या निम्म्या घरांत नाक घासणारं कोणीतरी मोठं माणूस असतंच आणि त्यांच्या लहानपणी वाड्यातलं कुत्रं तसंच 'सुधारलेलं' असतं. त्यांना एवढंच विचारा की पूर्वी तो हॉलमध्ये समोर करायचा, आता सोफ्यामागे करतो, मग शिकला काय? माणसांसमोर शू करायची नाही हे शिकला. आता बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करणार नाही, कारण तिथेही तुम्ही उभे आहातच. चूक करताना समोर सापडला तर टाळी वाजवा, "ए, चल चल" म्हणा, उचला आणि जागेवर न्या. नंतर सापडलं तर काही करायचं नाही, पुसायचं. मनात काय म्हणायचं ते म्हणा.

पुसण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या कोपऱ्याचं उत्तर त्यातच आहे. फिनाइलचा वास आपल्या नाकाला पुरतो, कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा शूचा वास येतच राहतो आणि तो वास म्हणजे त्याच्यासाठी संडासाची पाटी. काळं फिनाइल तर बंदच करा, त्यात फिनॉल असतात, पिल्लू ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. अमोनियाचं क्लीनरही नको, शूलाही तसाच वास असतो. आधी जुना टॉवेल वर ठेवून दाबून टिपून घ्या, घासून पसरवू नका, मग पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते ओता आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओलंच राहू द्या. पोछा मारायची जी घाई असते आपल्याला, तीच इथे नडते. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, पण फरशी मार्बलची किंवा कोटा असेल तर व्हिनेगर अजिबात नाही, डाग पडतील आणि मग सासूबाई कुत्र्याला सोडून माझ्यामागे लागतील. जुन्या जागा दिसत नसतील तर दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो यूव्ही टॉर्च आणा, रात्री दिवे बंद करून फरशीवर आणि सोफ्याच्या पायांवर मारा. पिवळट चमकणारे डाग दिसतील. एकदा बघाच, झोप उडते.

देवघराला गुडघ्याएवढी फळी किंवा लहान मुलांचं गेट लावून टाका, त्यात पिल्लाचाही अपमान नाही आणि सासूबाईंचाही जीव भांड्यात. आणि माझं ऐका, खाऊचा डबा सासूबाईंच्याच हातात द्या. दिवसभर घरात त्याच असतात, तो उठला की आधी त्यांनाच कळतं, आणि जो खाऊ देतो त्याचा नियम चालतो. शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा, उकडलेलं गाजर, बस. शेव नाही (इंदूरमध्ये हे लिहावं लागतं), पोह्यांतला कांदा नाही कारण तो कुत्र्यांना विषारीच, आणि प्रसादातल्या मनुका तर चुकूनही नाही, त्याने किडनीवर येऊ शकतं. सहा जणांनी सहा शब्द वापरू नका. कोणी "शू कर", कोणी "गो पॉटी", कोणी शिट्टी मारतंय, त्याला काय कळणार. घरात एक शब्द ठरवा, फ्रिजवर लिहून लावा.

हो, आणि पत्रात तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की तो दूध-पोळीवर आहे. आईचं दूध सुटलं की बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, पातळ होतं, आणि पातळ झालं की कितीही हुशार पिल्लू असो ते धरून ठेवू शकत नाही. दूध बंद करून बघा. खाणं दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी द्या आणि पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं उचला. आत जायची वेळ ठरली की बाहेर यायची वेळही ठरते. जंताचं औषध चालू आहे ना तेही डॉक्टरांना विचारा, या वयात ते दर दोन आठवड्यांनी असतं.

प्रश्न : आम्ही दोघंही जॉबला, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात घर बंद. पिल्लू नऊ आठवड्यांचं. बाथरूममध्ये पेपर पसरून ठेवतो. आल्यावर सगळीकडे घाण, पेपर फाडलेले, आणि ते त्यातच लोळलेलं. ट्रेनिंग किती दिवसांत होईल?

उत्तर : असं ठेवून होणारच नाही. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. नऊ आठवड्यांचं पिल्लू साडेनऊ तास धरू शकत नाही, आणि स्वतःच्या घाणीत झोपायची एकदा सवय झाली की 'झोपायची जागा वेगळी' ही त्याची उपजत समज पुसली जाते, आणि आपण तिच्याच जोरावर सगळं शिकवत असतो. दिवसातून दोनदा तरी कोणीतरी यायला हवं. आई-बाबा जवळ राहत असतील तर ते, नाहीतर कॉलेजमध्ये शिकणारं ओळखीतलं एखादं मूल, नाहीतर घरी काम करणाऱ्या ताईंना वेगळे पैसे देऊन विचारा, त्यांना कुत्र्याची भीती नाही ना हे आधी विचारा. बाथरूमऐवजी खोलीचा कोपरा जाळीने बंद करा, एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला गवताचा ट्रे. पेपर अगदीच तात्पुरता ठीक, पण लक्षात ठेवा, ज्याला पेपर म्हणजे संडास हे कळलंय त्याला तुमचा रविवारचा वाचायचा पेपर वेगळा आहे हे कळत नाही. पेपरवरून हलवायचं असेल तर रोज वीतभर गॅलरीकडे सरकवत न्या, एकदम उचलू नका.

आणि अजून आणलं नसेल अशा वाचकांसाठी, दोघंही दिवसभर बाहेर असाल तर पिल्लू आणू नका, दीड-दोन वर्षांचं शांत कुत्रं दत्तक घ्या. मोठं कुत्रं सहा-आठ तास आरामात राहतं. गोंडस दिसत नाही फोटोत, एवढंच.

प्रश्न : बाबा ऑफिसमधून आले की आमची कॉकर स्पॅनियल धावत जाते, उलटी पडते आणि तिथेच शू करते. बाकी दिवसभर घरात कधीच करत नाही. पाच महिन्यांची आहे. बाबा खूप चिडतात.

उत्तर : बेटा, ही ट्रेनिंगची गडबड नाहीच. ती बाबांना सांगतेय की तुम्ही मोठे, मी छोटी, मला मारू नका, आणि त्यात आनंदही इतका की आवरत नाही. बाबा चिडले की ती अजून छोटी होते आणि अजून शू करते, हे चक्र आहे. बाबांना सांग की आल्यावर पाच मिनिटं तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, बूट काढा, पाणी प्या. मग खाली बसून, वरून वाकून नाही, हात तिच्या डोक्यावर न ठेवता छातीपाशी न्यायचा. शक्य असेल तर पहिली भेट अंगणात होऊ दे. बहुतेक पिल्लं मोठी होता होता यातून सुटतात, रागावलं नाही तर.

प्रश्न : आम्ही राजवाड्याजवळ जुन्या घरात राहतो. गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू घरी आणलं, आता चार महिन्यांचं आहे. मागच्या मातीत करायचं, छान चाललं होतं. पाऊस सुरू झाल्यापासून दारापाशी उभं राहतं, पाय ओला झाला की मागे फिरतं आणि मोरीत जाऊन करतं. सवय बिघडली का?

उत्तर : कसली बिघडली, माझ्या मते तर सगळ्या पत्रांत शहाणं पिल्लू तुमचंच. त्याला घरात ओली जागा, पाणी वाहून जायची जागा सापडली आणि रोज तिथेच जातंय. तुम्हाला चालत असेल तर मोरी चालू द्या, वर दोन तांबे पाणी ओता, काम संपलं. मातीतच हवं असेल तर मागच्या दारावर पत्रा किंवा ताडपत्री बांधून चार हात जागा कोरडी ठेवा, आणि पाऊस थांबला की लगेच न्या, जाईल. गावठी पिल्लं गल्लीत आईमागे फिरून झोपायच्या जागेपासून लांब जायला शिकलेली असतात, त्यामुळे ती पटकन शिकतात हा माझा तरी अनुभव. पावसात साचलेल्या पाण्यापासून मात्र सांभाळा, उंदरांच्या शूमधून लेप्टो नावाचा आजार पसरतो, जुन्या घरांत उंदीर असतातच, त्याच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

प्रश्न : आमचा आठ महिन्यांचा पग एकदम शिकलेला होता. आता महिनाभर झाला, फ्रिजला, पडद्याला, पाहुण्यांच्या बॅगेला पाय वर करून थोडी थोडी शू करतो.

उत्तर : वयात आला तो. मोकळं होण्यासाठी नाही, सही करतोय. त्या जागा एन्झाइम क्लीनरने धुवा, पाहुण्यांच्या बॅगा वर ठेवा, घरात काही दिवस मोकळा सोडू नका आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांना विचारा, लवकर केली तर पुष्कळांत हे कमी होतं. पण वारंवार बसतोय, जोर करतोय, थेंबथेंब येतेय, रंग लालसर दिसतोय असं असेल तर ट्रेनिंग वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा, ते इन्फेक्शन किंवा खडा असू शकतो. शिकलेलं कुत्रं अचानक विसरलं की पहिली शंका नेहमी तब्येतीची घ्यायची.

प्रश्न : सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात कुत्रं लिफ्टमधून न्यायचं नाही. पाचव्या मजल्यावरून तीन महिन्यांच्या पिल्लाला जिन्याने नेईपर्यंत होऊन जाते. आणि मग जिन्यावर झाली म्हणून परत तक्रार.

उत्तर : अॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाने २०१५ मध्ये याबद्दल गाइडलाइन काढल्यात, सोसायटी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही आणि लिफ्टबाबतही त्यात लिहिलंय. प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या, पण भांडायला जाऊ नका, सोबत हेही सांगा की पिल्लू लिफ्टमध्ये कडेवर असेल आणि झालंच तर मी पुसेन, आणि पुसा. कडेवर असताना पिल्लं सहसा करत नाहीत, तुमचाही फायदा. आपल्या इंदूरने २०१७ पासून सलग कित्येक वर्षं देशात स्वच्छतेचा पहिला नंबर सोडला नाही, लोकांना त्याचा अभिमान आहे, तेव्हा बागेत शी झाली की कागदाने उचलून घरच्या संडासात टाकून फ्लश करणाऱ्या माणसाशी कोणी फार वेळ भांडत नाही. न उचलणाऱ्यांमुळेच बाकीच्यांच्या लिफ्ट बंद होतात, हे आपल्यातल्यांनाच सांगायला हवं.

आता उरलेले छोटे.

"रात्री दोन वाजता रडतं, उठू का?" तीन महिन्यांच्या आतलं असेल तर हो, उठा. दिवा मंद, बोलणं नाही, जागेवर नेलं, झालं, परत झोप. खेळायला लागलात तर उद्या दोन वाजता खेळायलाच उठवेल.

"संध्याकाळनंतर पाणी बंद केलं तर?" उन्हाळ्यात इंदूरमध्ये? मुळीच नाही. झोपायच्या तास-दीड तास आधी वाटी उचलली तर एक वेळ ठीक, तेही थंडीच्या दिवसांत आणि दिवसभर भरपूर प्यायलेलं असेल तरच.

"स्वतःच्या गादीवरच करतं, विकणाऱ्याकडे पिंजऱ्यात होतं." तेच कारण, पिंजऱ्यात दुसरी जागाच नव्हती. गादी काही दिवस काढून टाका, साधी रोज धुता येईल अशी चादर द्या आणि दर तासाला न्या, वेळ जास्त लागेल. आणि केंद्र सरकारच्या कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तेव्हा "पाच आठवड्यांचं आहे, घेऊन जा" म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

"शी खातं." पुष्कळ पिल्लं खातात. झाली की लगेच उचला, "अरे देवा" म्हणून धावू नका, त्याला वाटतं शर्यत आहे. जंताचं औषध आणि खाण्याचं प्रमाण एकदा तपासून घ्या.

"डायपर लावला तर?" म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला लावा. पिल्लाला लावलात तर ते डायपरमध्ये करायलाच शिकेल, आणि लॅब्रेडॉरच्या साइजचा डायपर कितीला मिळतो ते आधी विचारून या.